गोधडी, रांजण, टोपली: आफ्रिकन-अमेरिकन वारशाबद्दल पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

आमचं घर वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर. उन्हाळा लागला की पुण्या-नाशिकचे पाहुणे यायला लागतात. व्हाइट हाउससमोर फोटो काढून झाले की मी त्यांना आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेते. जाताना काही जण कुरकुरतात. येताना गाडीत प्रश्नांची सरबत्ती असते. दरवर्षी बहुतेक तेच प्रश्न येतात, म्हणून या खेपेला उत्तरं लिहूनच काढली. मी इतिहासाची अभ्यासक नाही. हौसेनं गोधड्या शिवते, त्यामुळे कापडावर जरा जास्त रेंगाळले आहे, हे आधीच सांगून टाकते.

‘आफ्रिकन-अमेरिकन कला’ म्हणजे आफ्रिकेतली कला का?

नाही. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं उतरवली गेली. तिथपासून १८६५ मध्ये कायद्यानं गुलामगिरी संपेपर्यंत आणि त्यानंतर आजपर्यंत, त्या माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी अमेरिकेत जे घडवलं ती ही कला. बेनिनचे पितळी पुतळे आफ्रिकन, तर साउथ कॅरोलिनातल्या भट्टीत भाजलेला रांजण आफ्रिकन-अमेरिकन. दोन्हींत धागेदोरे आहेत, पण प्रत्येक धागा सरळ आफ्रिकेत नेऊन बांधायची घाई करू नये. मधे अडीचशे वर्षं आहेत, आणि त्या काळात या लोकांनी पुष्कळ काही नव्यानंच शोधलं.

त्यांना नक्की म्हणायचं काय?

‘आफ्रिकन-अमेरिकन’ किंवा ‘कृष्णवर्णीय’ म्हणा. ‘निग्रो’ हा शब्द जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आहे, आणि अमेरिकेतही जुन्या संस्थांच्या नावांत तो दिसतो. आज मात्र तोंडी आणू नये, संग्रहालयात तर नाहीच. आमच्या एका मामांनी तिथे तो मोठ्यानं उच्चारला होता. मला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

चिंध्यांची गोधडी संग्रहालयात कशाला?

हा प्रश्न बहुधा ज्यांच्या घरी माळ्यावर चार गोधड्या आहेत तेच विचारतात. त्यांना मी हॅरिएट पॉवर्सची गोष्ट सांगते.

हॅरिएट १८३७ मध्ये जॉर्जिया राज्यात जन्मली, गुलामगिरीतच. स्वातंत्र्यानंतर ती आणि तिचा नवरा अथेन्स गावाजवळ थोडीशी शेती करत. १८८६ च्या सुमारास तिथल्या कापूस जत्रेत तिनं शिवलेली एक गोधडी मांडली होती. कापडाच्या आकृत्या कापून पार्श्वभूमीवर टाचलेल्या, ११ चौकटी, आणि त्यांत आदम-ईव्हपासून येशूच्या शेवटच्या भोजनापर्यंत बायबलमधले प्रसंग. जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या कलाशिक्षिकेनं ती पाहिली आणि मालकीण शोधत थेट तिच्या घरी पोचली. हॅरिएट म्हणाली, विकायची नाही.

चारपाच वर्षांनी दिवस फिरले. हॅरिएटनं निरोप पाठवला आणि गोधडी पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळून बैलगाडीतून घेऊन आली. मागितले १० डॉलर, मिळाले ५. नवऱ्यानं घे म्हटलं म्हणून तिनं घेतले. पण देण्याआधी एकेका चौकटीचा अर्थ तिनं जेनीला समजावून सांगितला आणि जेनीनं तो लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो कळतो. पुढे ती अनेकदा जेनीकडे येऊन आपली गोधडी डोळे भरून पाहून जायची. आपल्या डोक्यातून जन्मलेलं लेकरू, असं ती तिला म्हणे.

तिच्या दोनच गोधड्या उरल्या आहेत. ही पहिली वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात. माझा जीव दुसरीवर. १५ चौकटी. बायबल आहेच, पण मधेमधे आकाश आणि हवामान! १७८० च्या मे महिन्यात भर दुपारी अंधारलेला दिवस. फेब्रुवारी १८९५ मधला जीवघेण्या थंडीचा गुरुवार. जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळालेली बेट्स नावाची डुकरीण. आणि नोव्हेंबर १८३३ मधला उल्कावर्षाव, ज्या रात्री जगबुडी आली असं समजून लोक घराबाहेर पडले होते. तेव्हा हॅरिएटचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे कुणीतरी तिला सांगितलं, तिनं ते वर्षानुवर्षं जपलं आणि कापडावर उतरवलं.

नुसत्या पट्ट्यापट्ट्यांच्या गोधड्या पाहिल्या, त्यांत चित्रंच नव्हती. त्या कुठल्या?

त्या जीज बेंडच्या. अलाबामा राज्यात अलाबामा नदीनं एका ठिकाणी गच्च वळण घेतलंय, आणि त्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेली ही वस्ती आहे. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या मळेवाल्यानं तिथे कापसाचा मळा उभारला. १८४५ मध्ये तो पेटवे घराण्याकडे गेला. गावातली निम्मीशिम्मी माणसं आजही पेटवे आडनावाची आहेत, एकमेकांचे नातेवाईक नसली तरी. मालकाचं आडनाव गुलामांना चिकटलं ते तसंच राहिलं.

या बायकांकडे कापड कुठलं? शेतात घालून विटलेल्या विजारी, सदरे, धान्याची पोती. ढोपराशी झिजलेली जागा फिकी, खिसा उसवून काढला की त्याखाली गडद निळा चौकोन. तो चौकोनच मग नक्षी होऊन बसतो. १९४२ मध्ये मिझूरी पेटवेचा नवरा वारला. तिनं त्याचे कामाचे सगळे कपडे फाडले आणि त्यांची एक गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. मुलगी आर्लोन्झिया तिच्या मदतीला होती, तिनंच पुढे ही हकिगत सांगितली. ती गोधडी मी पाहिली आहे. निळ्या-करड्या पट्ट्या आणि त्यात कुठेतरी लाल तुकडा. सुरेख वगैरे म्हणवत नाही. नुसतं उभं राहावं लागतं.

१९६० च्या दशकात इथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाऊ लागले. १९६२ मध्ये त्यांची नदी ओलांडायची फेरीबोटच बंद झाली. समोर दिसणाऱ्या गावाला जायला रस्त्यानं तासाभराचा वळसा पडू लागला. बोट पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये. म्हणजे ४४ वर्षांनी! दरम्यान १९६६ मध्ये आसपासच्या बायकांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानासाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, आणि उरलेले तुकडे घरोघरी गेले. त्या काळातल्या गोधड्यांत हळदी, शेवाळी, विटकरी रंगांचं जे कॉर्डरॉय दिसतं ते हेच.

२००२ मध्ये ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरलं आणि समीक्षकांना या गोधड्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसायला लागली. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. कौतुक झालं, पण मला एक गोष्ट खटकते. या बायकांनी रंग आणि लय यांचा इतका पक्का विचार केलेला असताना त्यांना कुणा युरोपीय चित्रकाराच्या शेजारी बसवल्याशिवाय कौतुक पुरं का होत नाही?

मग पैसे त्या बायकांना मिळाले का?

सुरुवातीला ज्या भावानं गोधड्या गेल्या आणि पुढे त्यांची जी किंमत झाली त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. गोधड्यांचे नमुने चटया, चादरी आणि इतर मालावर छापून विकले गेले. २००७ मध्ये गावातल्या काही जणी कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ती प्रकरणं तडजोडीनं मिटली. २०२१ पासून अनेक जणी इंटरनेटवर स्वतःच्या नावानं आपल्या गोधड्या विकतात. घ्यायचीच असेल तर तिथून घ्या. महाग वाटेल. पण एक गोधडी हातानं शिवायला किती दिवस लागतात हे ज्यांनी शिवली आहे त्यांनाच विचारा.

आपल्या गोधडीशी याचं काही नातं आहे का?

रक्ताचं नाही. जुनं लुगडं, धोतर, चादर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवायचं, हे गरिबी आणि थंडी जिथे आहे तिथे माणसांना सुचतंच. अमेरिकन गोधडीत वरचा थर, मधे कापूस आणि खाली अस्तर असे तीन थर असतात. आपल्याकडे बहुतेक कापडाचेच थर.

एक नातं मात्र आहे, ते दुसऱ्या समुद्रावरून आलेलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आफ्रिकेतून माणसं आली, काही व्यापारी आणि सैनिक म्हणून, तर बरीचशी गुलाम म्हणून. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. गोव्यात पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून गुलाम आणले. आज उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात राहणारे सिद्दी कोकणी बोलतात, आणि त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची ठिगळांची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे सरकत जायचं आणि चारी कोपऱ्यांना कापडाची ‘फुलं’ लावायची. फुलाशिवाय गोधडी नागडी, असं त्या मानतात. कवंदीचं आणि जीज बेंडच्या गोधडीचं छायाचित्र शेजारी शेजारी ठेवलं तर चकित व्हायला होतं. पण साम्य दिसलं म्हणून एकीतून दुसरी निघाली असं म्हणू नका.

गोधड्यांमध्ये पळून जाण्याचे गुप्त संकेत असायचे, खरं का?

ऐकायला फार छान आहे. कुंपणावर अमुक नक्षीची गोधडी वाळत घातली की समजायचं, आज रात्री निघायचं. ही कथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस सगळीकडे पसरली आणि शाळांमधूनही शिकवली गेली. पण गुलामगिरीतून सुटून आलेल्यांच्या ज्या कहाण्या त्या काळात लिहिल्या-सांगितल्या गेल्या त्यांत याचा मागमूस नाही, आणि गोधड्यांच्या बहुतेक इतिहासकारांना ही कथा मान्य नाही. मी मुलांना सांगत नाही. हॅरिएटची डुकरीण खरी आहे आणि तिच्यापुढे संकेतबिंकेत फिके आहेत.

गुलामांना लिहिता-वाचता येत नसे ना? मग कारागिरांची नावं कशी कळतात?

बहुतेकांची कळतच नाहीत. दालनात ‘कारागीर अज्ञात’ अशी पाटी इतक्या वेळा येते की शेवटी ती वाचणं आपण सोडून देतो. म्हणूनच डेव्हिड ड्रेकच्या रांजणापुढे थांबायचं.

साउथ कॅरोलिनातल्या एजफील्ड भागात उत्तम चिकणमाती. तिथे मळेवाल्यांनी कुंभारकामाचे मोठे कारखाने काढले होते आणि चाकावर, भट्टीवर राबत ती गुलामगिरीतली माणसं. राख, वाळू आणि माती यांचं मिश्रण लावून भाजलेल्या या भांड्यांना हिरवट-तपकिरी काचेसारखी चकाकी येते. डेव्ह नावाचा कुंभार तिथे १८०० च्या सुमारास जन्मला. १८३४ मध्ये राज्यानं गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्यानं बंद केलं. आणि हा माणूस ओल्या मातीत काडीनं स्वतःचं नाव, तारीख, आणि वर दोन ओळींची यमक जुळवलेली कविता कोरत होता! भांडं पुढे कुणाच्या तरी कोठारात जाणार, ते कोणीही वाचणार, हे माहीत असून.

काही ओळी मिश्कील आहेत. चार कान असलेल्या एका अवाढव्य रांजणावर त्यानं लिहिलंय की यात ताजं मांस गच्च भरा आणि मग मेणबत्त्या लावा. आणि १६ ऑगस्ट १८५७ च्या रांजणावर लिहिलंय, माझी सगळी नात्याची माणसं कुठे असतील कोण जाणे, सर्वांशी मैत्री असो, प्रत्येक राष्ट्राशी असो. माणसं विकली जात होती, कुटुंबं चार राज्यांत विखुरली जात होती. त्या काळात हे वाक्य भाजून पक्कं केलेलं आहे.

१८५९ मध्ये त्यानं बॅडलर नावाच्या जोडीदाराबरोबर घडवलेल्या रांजणात सुमारे ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर मावतं. चाकावर खालचा भाग आणि त्यावर मातीच्या वळ्या चढवत नेलेलं हे काम. आपल्याकडच्या कुंभारालाही दरदरून घाम फुटेल. स्वातंत्र्यानंतर १८७० च्या जनगणनेत त्याचं पूर्ण नाव येतं, डेव्हिड ड्रेक, धंदा चाकावरचा कुंभार.

२०२१ मध्ये त्याचा एक रांजण लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेला. मग प्रश्न उभा राहिला की ज्याला आपली वस्तू विकायचा हक्कच नव्हता त्याची वस्तू कुणाची? २०२५ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयानं आपल्याकडच्या त्याच्या दोन भांड्यांची मालकी त्याच्या वंशजांना दिली आणि त्यांतलं एक त्यांच्याकडून रीतसर विकत घेतलं. हॅरिएटची गोधडीही याच इमारतीत आहे.

ती तोंडं असलेली भीतीदायक गाडगी कुठली?

तीही एजफील्डचीच. पांढऱ्या मातीचे बटबटीत डोळे, विचकलेले दात. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती. तरी १८५८ मध्ये वाँडरर नावाच्या जहाजानं कोंगो भागातल्या चारशेच्या वर माणसांना चोरून जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उतरवलं. त्यांतली काही एजफील्डला पोचली. साधारण त्याच सुमारास ही मुखभांडी दिसू लागतात, म्हणून अभ्यासक त्यांचं नातं कोंगोतल्या देवकार्याच्या प्रतिमांशी जोडतात.

अ‍ॅश्लीची पिशवी म्हणजे काय? तिचं नाव घेतलं की सगळे गप्प का होतात?

एक साधं, ठिगळं लावलेलं कापसाचं पोतं. त्यावर रंगीत धाग्यांनी भरलेली दहा ओळींची हकिगत. रूथ मिडलटन नावाच्या बाईनं १९२१ मध्ये भरलेली. ती सांगते: माझी पणजी रोझ, तिनं आपली लेक अ‍ॅश्ली नऊ वर्षांची असताना विकली गेली तेव्हा तिला हे पोतं दिलं. आत एक फाटका झगा, तीन मुठी पिकॅन आणि रोझच्या केसांची वेणी. यात माझी माया कायम भरलेली असेल, असं तिनं लेकीला सांगितलं. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. अ‍ॅश्ली माझी आजी.

बस, एवढंच. पिकॅन म्हणजे अक्रोडाच्या जातीचं एक फळ. मूठभर कशाला, तीनच मुठी कशाला, वेणी कशी कापली असेल, हे सगळं आपण आपल्या मनात भरायचं.

२००७ मध्ये टेनेसीतल्या जुन्या बाजारात एका बाईनं चिंध्यांच्या ढिगातून हे पोतं २० डॉलरना उचललं. नंतर अभ्यासकांनी नोंदी धुंडाळल्या, तेव्हा चार्ल्स्टनच्या एका धनाढ्य गृहस्थाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत रोझ आणि अ‍ॅश्ली ही नावं मिळाली. इतर सामानासारखीच, किंमत लावलेली. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ते २०१६ पासून काही वर्षं होतं.

टोपल्या विणणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला दिसल्या. हीदेखील वारसावस्तू?

चार्ल्स्टनजवळ माउंट प्लेझंटच्या हायवे १७ वर पाहिल्या असणार. त्या गल्ला समाजाच्या, म्हणजे या किनारपट्टीवर राबवलेल्या आफ्रिकन गुलामांच्या वंशजांपैकी. साउथ कॅरोलिनाची श्रीमंती एके काळी भातावर उभी होती, आणि भातशेतीची जाण असलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना इथे आणून राबवलं गेलं. भात कांडलं की पाखडायला त्यांनी गवताची मोठी पसरट टोपली वापरली. आपलं सूपच म्हणा ना, फक्त गोल. गवताची जुडी वेटोळं घालत न्यायची आणि ताडासारख्या पामच्या पातीनं टाचत जायची. टाचायचं हत्यार म्हणजे मोडक्या चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा.

भातशेती गेली, टोपल्या राहिल्या. आता खरी अडचण गवताची आहे. किनाऱ्यावर बंगले आणि गोल्फची मैदानं झाली, आणि जिथून आजी-पणजी गवत कापून आणायच्या तिथे कुंपणं आली. किंमत ऐकून घासाघीस करायची आपली सवय जरा आवरा. मी स्वतः एकदा केली आहे. त्या आजींनी काही न बोलता टोपली माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा विणायला लागल्या.

सगळं हस्तकलाच का? चित्रकार-शिल्पकार नव्हते?

भरपूर होते. पण नशीब बघा.

एडमोनिया लुईस. वडील कृष्णवर्णीय, आईकडून ओजिब्वे आदिवासी रक्त. ही मुलगी रोमला जाऊन संगमरवर कोरायला शिकली. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या जागतिक प्रदर्शनात तिची ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ ही मूर्ती गाजली. वजन १३०० किलोच्या वर. विकली गेली नाही आणि परत रोमला न्यायला पैसे नाहीत. पुढे ती शिकागोच्या एका दारूच्या गुत्त्यात होती. मग एका जुगाऱ्यानं घेतली आणि आपल्या आवडत्या शर्यतीच्या घोडीच्या थडग्यावर बसवली. घोडीचं नाव क्लिओपात्रा! शर्यतीचं मैदान गेलं, गोल्फ आलं, मग युद्धसाहित्याचा कारखाना. शेवटी ती भंगारासारखी एका ठेकेदाराच्या आवारात पडली, आणि बालवीरांनी पुण्यकर्म म्हणून तिला रंग फासला. १९९४ मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला संग्रहालयाकडे ती आली. आज तिथे पाहता येते, वॉशिंग्टनमध्येच. खुद्द एडमोनिया १९०७ मध्ये लंडनला वारली, आणि तिची कबर २०१७ पर्यंत दुर्लक्षितच होती.

ऑगस्टा सॅव्हेजचं तर तेवढंही नशीब नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिनं १६ फुटी ‘हार्प’ घडवली, वीणेच्या तारांच्या जागी गाणारी मुलं. प्लास्टरची होती. कांस्यात ओतायला पैसे मिळाले नाहीत आणि प्रदर्शन संपल्यावर ती पाडून टाकली. उरल्या त्या छोट्या प्रतिकृती आणि छायाचित्रं.

जेकब लॉरेन्स सुदैवी. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे गेलेल्या लाखो लोकांच्या स्थलांतरावर त्यानं १९४०-४१ मध्ये ६० फलक रंगवले, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. सगळे फलक एकदम मांडायचे, एक रंग कालवायचा आणि जिथे जिथे तो हवा तिथे ६० च्या ६० फलकांवर लावून घ्यायचा, मग पुढचा रंग. त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच पिवळा, तोच निळा. विषम क्रमांकांचे फलक वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात, सम क्रमांकांचे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. भावंडांत वाटणी व्हावी तशी.

या जुन्या वस्तूंपासून आजचे कलाकार प्रेरणा घेतात म्हणजे नक्की काय करतात?

फेथ रिंगगोल्ड चित्रकार होती. १९७२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिनं तिबेटी थांगका पाहिले, कापडाच्या किनारीत बसवलेली, गुंडाळून नेता येणारी चित्रं. आई वेशभूषाकार, पूर्वजांपैकी बायका गोधड्या शिवणाऱ्या. तिनं जड चौकटी सोडल्या आणि १९८० पासून गोधडीवर चित्र आणि गोष्ट एकत्र आणली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या गच्चीवरून रात्री उडणाऱ्या मुलीची तिची गोधडी गुगेनहाइम संग्रहालयात आहे.

एमी शेराल्डनं २०१८ मध्ये मिशेल ओबामांचं चित्र केलं, तेव्हा त्यांच्या झग्यावरची भौमितिक नक्षी पाहून तिला जीज बेंड आठवलं. शिकागोच्या थिएस्टर गेट्सनं डेव्हच्या रांजणावर अख्खं प्रदर्शन रचलं. हे लोक नमुना उचलत नाहीत, त्या माणसाशी बोलायला बसतात.

जुन्या बाजारात काळ्या माणसांची विद्रूप चित्रं असलेले डबे, बाहुल्या मिळतात. आठवण म्हणून घ्यावेत का?

दिवाणखान्यात ठेवायला मुळीच नको. मिशिगनमधल्या फेरिस स्टेट विद्यापीठात या असल्या वस्तूंचंच एक संग्रहालय आहे, द्वेष कसा रोजच्या वापरातून रुजतो ते दाखवायला. बेटी सार या कलावतीनं १९७२ मध्ये वेगळाच मार्ग काढला. आन्ट जमायमा या पॅनकेकच्या पिठाच्या ब्रँडची ती हसरी, जाडी स्वयंपाकीण आठवते? तसल्या एका मूर्तीच्या एका हातात झाडू होताच, दुसऱ्या हातात बेटीनं बंदूक दिली. तो ब्रँड २०२१ मध्ये नाव बदलून मोकळा झाला.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे, आणि जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. हॅरिएट पॉवर्स तेव्हा पस्तिशीच्या घरात होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाबद्दल विचारलं आणि द्यु बॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन. पाहुण्यांना हे सांगितलं की संग्रहालयातली दुसरी फेरी वेगळीच होते.

संग्रहालयात जायचं तर किती वेळ काढावा? मुलं कंटाळतील का?

प्रवेश फुकट, पण वेळ ठरवून पास आधी काढावा लागतो. इमारत २०१६ च्या सप्टेंबरमध्ये उघडली. बाहेरून तीन टोपल्या एकावर एक ठेवल्यासारखी दिसते. आकार योरूबा शिल्पातल्या मुकुटावरून घेतलाय आणि जाळी न्यू ऑर्लीन्स-चार्ल्स्टनमधल्या गुलाम लोहारांच्या कामावरून.

लिफ्टनं आधी जमिनीखाली उतरायचं, वर्षं भिंतीवर मागे मागे जातात. तिथून पायी वर चढत यायचं. अर्धा दिवस तरी हवा. केप टाउनजवळ १७९४ मध्ये बुडालेल्या, गुलाम वाहून नेणाऱ्या पोर्तुगीज जहाजाचे लोखंडी ठोकळे मांडलेले असतील तर बघा. माणसांचं वजन पुरेसं जड नसतं, म्हणून जहाज स्थिर ठेवायला ते भरत. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनला राणी व्हिक्टोरियानं दिलेली शाल चुकवू नका. १९५५ मध्ये वर्णद्वेषातून ठार मारलेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाच्या शवपेटीपाशी फोटो काढायला बंदी आहे आणि लहान मुलांना तिकडे नेण्याआधी आपण आधी पाहून यावं. मुलांना वरच्या मजल्यावर गायक चक बेरीची लाल कॅडिलॅक मोटार दाखवा, खूश होतात.

तिथले नमुने पाहून मी घरी तशी गोधडी शिवली तर चालेल का?

शिवा की. ‘हाउसटॉप’ नावाच्या नक्षीनं सुरुवात करा. मधे एक चौकोन, त्याच्या भोवती एकेक पट्टी फिरवत जायची, पट्टीची रुंदी मोजायची नाही, डोळ्यानं ठरवायची. नवं कापड आणू नका, घरातले जुने शर्ट काढा. विकायला काढू नका, आणि कुणी विचारलं तर जीज बेंडचं नाव घ्या.

शिवून झाली की मागच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि साल टाक्यांनी भरा. माझ्या आजीच्या गोधडीवर ते नाही, आणि ती कोणत्या सालची यावरून आमच्या घरात अजून भांडणं होतात.